नैसर्गिक गुहा व गुहाभ्रमण : सिन्नर परिसर

डोंगरात, कड्यात किंवा भूपृष्ठाखाली नैसर्गिक क्रियांनी तयार झालेली व माणसाला आत शिरता येईल एवढी मोठी पोकळी म्हणजे नैसर्गिक गुहा होय. अशा गुहांत शोधासाठी, अभ्यासासाठी किंवा साहसाच्या ओढीने केलेल्या संचारास गुहाभ्रमण म्हणतात. गुहांची उत्पत्ती, त्यांतील पाणी, निक्षेप व जीवसृष्टी यांचा अभ्यास करणारी शास्त्रशाखा गुहाविज्ञान ह्या नावाने ओळखली जाते. मराठीत ‘गुहा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. नासिकजवळील पांडवलेणी, वेरूळ किंवा कार्ले यांनाही लोक गुहा म्हणतात. तथापि ती मानवाने छिन्नी-हातोड्याने खोदलेली लेणी असून त्यांचा समावेश नैसर्गिक गुहांत होत नाही. प्रस्तुत नोंदीत नासिक जिल्ह्यातील सिन्नर तालुका व त्याला लागून असलेली कळसूबाई डोंगररांग यांच्या अनुषंगाने नैसर्गिक गुहांची निर्मिती, त्यांतील भ्रमणाची पद्धती व त्यातील धोके यांचे विवेचन केले आहे.

सिन्नर परिसराची भूरचना : सिन्नर हे तालुक्याचे ठिकाण नासिकच्या आग्नेयीस सु. ३० किमी. अंतरावर नासिक–पुणे महामार्गावर वसलेले आहे. यादवकालीन गोंदेश्वर मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून निघून पूर्वेकडे गेलेली कळसूबाई रांग ह्या तालुक्याच्या नैर्ऋत्य भागात येऊन उतरत जाते. कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर ह्याच रांगेत आहे. पश्चिमेकडील कुलंग, मदन व अलंग ह्या दुर्गत्रयीपासून पूर्वेकडे बितनगड, पट्टा, औंढा, आड व डुबेरा असे किल्ले ह्या रांगेवर वा तिच्या फाट्यांवर आहेत. रांगेच्या उत्तरेचे पाणी दारणा व अन्य प्रवाहांवाटे गोदावरीस, तर दक्षिणेचे प्रवरेस मिळते. पट्टा-औंढा परिसरातून वाहत येणारी म्हाळुंगी नदी संगमनेर येथे प्रवरेस मिळते.

पर्जन्यमानाच्या दृष्टीने ही रांग अत्यंत विषम आहे. तिच्या पश्चिम टोकाजवळील इगतपुरी येथे वर्षाला सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस काही तासांच्या वाटेवर असलेले सिन्नर मात्र पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते व अवर्षणाची झळ त्यास वारंवार लागते. एकाच डोंगररांगेतील गुहा एका टोकाला पावसाळ्यात धबधब्याआड झाकल्या जातात, तर दुसऱ्या टोकाला वर्षातील बराच काळ कोरड्या राहतात. त्याचे कारण हेच होय.

हा सर्व प्रदेश दख्खनच्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले व थिजले. आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर त्यांचे थर शिल्लक आहेत. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातील ह्या थरांच्या खालच्या गटास ‘कळसूबाई उपगट’ असेच नाव दिले आहे. ह्या थरांची रचना सर्वत्र सारखी नसते. प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट व उभ्या सांध्यांनी युक्त असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र व ठिसूळ असतो. दोन लोटांच्या दरम्यान दीर्घ काळ गेला असल्यास खालच्या थराच्या माथ्यावर तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा आढळतो. दुरून पाहिल्यास कड्यावर दिसणाऱ्या पायऱ्या व त्यांमधील तांबूस रेषा ह्या थररचनेच्याच निदर्शक होत.

बेसाल्टमधील गुहांची निर्मिती : जगातील बहुतेक लांब व खोल गुहा चुनखडकात असतात, कारण तो खडक पाण्यात हळूहळू विरघळतो. बेसाल्ट अशा रीतीने विरघळत नाही. म्हणून सह्याद्रीत कित्येक किमी. लांबीची भूमिगत दालने आढळत नाहीत. येथील गुहा मुख्यतः तीन प्रकारे निर्माण होतात.

पहिला व सर्वांत सामान्य प्रकार असमान झिजेचा होय. पावसाचे पाणी वरच्या घट्ट थरातील उभ्या सांध्यांमधून खाली उतरते. तांबड्या मातकट पट्ट्यातून ते सहजी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तेथे अडते व कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. ओलाव्यामुळे हा मऊ पट्टा व त्यालगतचा सच्छिद्र खडक कुजतो, भुगा होऊन गळून पडतो व आत खाच तयार होते. वरचा घट्ट थर छतासारखा तसाच पुढे आलेला राहतो. ही खाच वाढत जाऊन तिची कपार, व कपारीची गुहा होते. पुढे छताचा आधार सुटला, की सांध्यांच्या रेषेवर शिळा निखळून खाली येतात. गुहेच्या तोंडाशी पडलेल्या चौकोनी शिळांचा ढीग हा ह्या क्रियेचा पुरावा असतो. अशा गुहा रुंद, बुटक्या व फारशा खोल नसलेल्या असतात आणि एकाच उंचीवर ओळीने आढळतात.

दुसरा प्रकार भेगांचा होय. खडकातील मोठे उभे तडे वाहत्या पाण्याने रुंदावत जाऊन अरुंद घळी निर्माण होतात. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांधण दरी हे ह्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. काटेकोर अर्थाने ती गुहा नव्हे, कारण तिला छत नाही. परंतु दोन्ही बाजूंचे उंच कातळ काही ठिकाणी इतके जवळ येतात, की तळाशी सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो व तेथील वाटचाल गुहाभ्रमणासारखीच होते. भंडारदऱ्यामार्गे तेथे जाता येते.

तिसरा प्रकार लाव्हानळीचा होय. वाहत्या लाव्ह्याचा पृष्ठभाग थंड होऊन त्याचे कवच बनते, आतील रस मात्र वाहत राहतो. तो निघून गेल्यावर मागे बोगद्यासारखी पोकळी उरते. हवाई बेटांवरील काझुमुरा ही लाव्हानळी ६५ किमी.हून अधिक लांब आहे. दख्खनच्या पठारावरही अशा नळ्यांचे अवशेष काही ठिकाणी वर्णिले गेले आहेत. तथापि हा लाव्हा फार प्राचीन असल्याने बहुतेक नळ्या नंतरच्या रसाने भरून गेल्या किंवा झिजून नष्ट झाल्या.

ह्यांखेरीज महाबळेश्वर–पाचगणीसारख्या पठारांवर बेसाल्टच्या माथ्यावरील जांभ्या खडकातही नैसर्गिक गुहा आढळतात. त्यांत जांभ्याचे कठीण कवच टिकून राहते व त्याखालील मऊ भाग वाहून जातो.

स्फटिकयुक्त पोकळ्या : सिन्नर परिसरातील खडकाचे एक वेगळे वैशिष्ट्य असे, की त्यातील सर्वांत देखण्या ‘गुहा’ माणसाला आत शिरता येणार नाही इतक्या लहान असतात. थंड होणाऱ्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत नंतर उष्ण भूजल खेळले व त्यातील विद्राव्य द्रव्ये भिंतींवर स्फटिकरूपाने साचली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट व स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातील खनिजे, त्यांच्या सोबतीने आढळणारे अपोफायलाइट, तसेच कॅल्साइट व गारगोटी हे ह्या पोकळ्यांतील प्रमुख घटक होत. विहिरी खणताना, खाणीत दगड फोडताना किंवा रस्त्यासाठी डोंगर कापताना त्या उघड्या पडतात. नासिक, पुणे, अहिल्यानगर, जळगाव व छत्रपती संभाजीनगर ह्या जिल्ह्यांतील असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहेत. सिन्नरजवळील माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय असून त्यात दख्खनच्या खडकांतील ह्या खनिजांचे वेधक नमुने पाहावयास मिळतात. डोंगरावर जाण्यापूर्वी ते पाहिल्यास कातळाच्या आत पाणी कोणते कार्य करते, याची स्पष्ट कल्पना येते.

अशी पोकळी प्रचंड आकाराची झाली तर काय दिसेल, ह्याचे उत्तर मेक्सिकोतील नायका खाणीत मिळाले. तेथे २००० मध्ये जमिनीखाली सु. ३०० मी. खोलीवर एक दालन उघडकीस आले. त्यातील जिप्समचे काही स्फटिक ११ मी.हून अधिक लांब होते. आतील तापमान ५८° से.पर्यंत व आर्द्रता जवळजवळ पूर्ण असल्याने खास पोषाखाशिवाय तेथे काही मिनिटांहून अधिक काळ थांबणे जीवघेणे होते. खाणीतील पाण्याचा उपसा थांबल्यावर ते दालन पुन्हा पाण्याखाली गेले. नायका खाणीतील खडक चुनखडक असून तेथील स्फटिक व दख्खनमधील झिओलाइट यांचे रासायनिक घटक भिन्न आहेत. परंतु पोकळी, उष्ण पाणी व प्रदीर्घ काळ हे तिन्ही कारक दोन्हीकडे समान आहेत.

मानवी वापर : सह्याद्रीतील गुहांचा इतिहास बव्हंशी पाण्याचा इतिहास आहे. ज्या थरावर झरा निघतो त्याच थरावर गुहा तयार होत असल्याने निवारा व पाणी ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. त्यामुळे गुराखी, संन्यासी, किल्ल्यावरील शिबंदी व वाटसरू यांनी ह्या गुहांचा पिढ्यान्‌पिढ्या उपयोग केला. अनेक ठिकाणी मूळची नैसर्गिक कपार माणसाने कोरून वाढविली, तिच्या तोंडाशी दगडी भिंत घातली किंवा आत ग्रामदेवतेची स्थापना केली. किल्ल्यांवरील खोदीव पाण्याची टाकी हीदेखील कातळातील पाणी धरून ठेवण्याच्या ह्याच जाणिवेतून उभी राहिली. नैसर्गिक गुहा कोठे संपते व खोदकाम कोठे सुरू होते, हे ठरविण्यासाठी छिन्नीचे घाव, काटकोनातील कोपरे व सपाट केलेली जमीन ह्या खुणा उपयोगी पडतात.

सिन्नर, अकोले व इगतपुरी ह्या तालुक्यांच्या सीमाभागातील पट्टा किल्ला ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जालन्याच्या मोहिमेहून परतताना मोगल सैन्य पाठीवर असता छत्रपती शिवाजी महाराज १६७९ मध्ये ह्या किल्ल्यावर येऊन राहिले, म्हणून त्यास विश्रामगड असे नाव मिळाले. गडावर चढताना वाटेत कातळातील गुहा लागतात. त्यांपैकी एक लक्ष्मणगिरी महाराजांची गुहा म्हणून ओळखली जाते. गडावर पट्टाईदेवीचे मंदिर, अंबरखान्याची इमारत व पाण्याची टाकी आहेत. सिन्नरच्या नैर्ऋत्येस असलेल्या ठाणगावच्या बाजूने आड किल्ल्याकडे जाता येते. दक्षिणेकडे हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्याने वेढलेले भव्य शिवलिंग आहे. ती गुहा कोरीव असली, तरी कातळातून झिरपणाऱ्या पाण्याशी सह्याद्रीतील गुहांचा असलेला संबंध तेथे प्रत्यक्ष अनुभवास येतो.

चुनखडकातील गुहा : दीर्घ भूमिगत संचाराची इच्छा असणाऱ्यास दख्खनच्या कातळाबाहेर जावे लागते. हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड पावसाच्या पाण्यात मिसळून सौम्य कार्बॉनिक अम्ल तयार होते. ते चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळविते व सांधे रुंदावून भुयारे निर्माण करते. हेच पाणी पुढे गुहेच्या छतातून ठिबकताना त्यातील वायू निसटून जातो व चुना पुन्हा साचतो. त्यापासून छताला लोंबणारे अधोमुखी व जमिनीवरून वाढणारे ऊर्ध्वमुखी स्तंभ बनतात. त्यांची वाढ सामान्यतः वर्षाला मिमी.च्या एक-दशांशाच्या आसपास असते. म्हणजे एका क्षणात मोडलेला बोटभर तुकडा पुन्हा तयार होण्यास कित्येक शतके लागतात.

भारतात मेघालय हे गुहांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध राज्य आहे. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लिआत प्राह ही चुनखडकातील गुहा ३० किमी.हून अधिक लांब आहे. मॉसिनरामजवळील क्रेम पुरी ही सु. २४·५ किमी. लांबीची गुहा वालुकाश्मात असून तिचे मापन २०१८ मध्ये झाले. वालुकाश्मातील ती जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. आंध्र प्रदेशातील बेलम गुहेची नोंद रॉबर्ट ब्रूस फुट ह्या भूवैज्ञानिकाने १८८४ मध्ये केली. १९८०–९० ह्या दशकाच्या प्रारंभी जर्मन गुहाशोधकांनी तिचे तपशीलवार मापन केले. सु. ३·२ किमी. लांबीच्या ह्या गुहेचा सु. १·५ किमी. भाग पर्यटकांसाठी खुला आहे. छत्तीसगढमधील बस्तर भागात, कांगेर खोऱ्यातील कुटुमसर गुहा तिच्यातील दृष्टिहीन माशांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तीत पाणी भरत असल्याने ती दर वर्षी त्या काळात बंद ठेवण्यात येते.

गुहाभ्रमणाची पद्धती : गुहांचे भ्रमणाच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. दिवे, पायवाटा व कठडे यांनी सज्ज केलेल्या पर्यटनगुहांत मार्गदर्शकाबरोबर चालत जाता येते. मूळ स्थितीत असलेल्या गुहांत मात्र रांगणे, चढणे, दोरावरून उतरणे व पाण्यातून जाणे ह्यांची तयारी लागते. सह्याद्रीतील बहुतेक गुहा दुसऱ्या वर्गात मोडतात. गुहेची लांबी कमी असली, तरी तिच्याकडे नेणारी कड्यावरील अरुंद वाट व घसरडा चढ हेच तेथील खरे आव्हान असते.

दलात किमान चार जण असावेत, असा सर्वमान्य संकेत आहे : एकास दुखापत झाल्यास एकाने त्याच्याजवळ थांबावे व दोघांनी मदत आणावयास जावे, हा त्यामागील हेतू होय. कोठे जाणार व केव्हा परतणार, हे गावातील जबाबदार व्यक्तीस सांगून ठेवणे आवश्यक असते. ठरलेली वेळ टळली, की शोध केव्हा सुरू करावयाचा हेही आधीच निश्चित केलेले असावे. प्रत्येकाजवळ एकमेकांवर अवलंबून नसलेली तीन प्रकाशसाधने असावीत. त्यांपैकी एक शिरस्त्राणावर बसविलेले असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. भ्रमणध्वनीच्या दिव्यावर विसंबणे धोक्याचे असते. जाड तळव्याची पादत्राणे, गुडघे व कोपर झाकणारे कपडे, हातमोजे, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार साहित्य व ऊब टिकविणारे एखादे वस्त्र ही साधने किमान होत.

खोल गुहांतील तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिर राहते. म्हणून उन्हाळ्यात गुहा थंड व हिवाळ्यात उबदार भासते. सह्याद्रीतील उथळ गुहांत हा गुणधर्म अंशतःच आढळतो. अंधारात दिशा व काळ यांचे भान लवकर हरपते. ह्यासाठी पुढे जाताना दर वळणावर मागे वळून परतीच्या वाटेचे दृश्य लक्षात ठेवण्याची सवय लावून घेतली जाते. भिंतींवर रंगाने बाण काढणे निषिद्ध मानतात. जाणकार दले मापनफीत, होकायंत्र व उतारमापक यांच्या साहाय्याने गुहेचा आराखडा तयार करतात. आता लेसर अंतरमापकाचाही उपयोग होतो. आराखडा तयार झाला म्हणजेच गुहेचा शोध पूर्ण झाला, असे मानण्याची प्रथा आहे.

सिन्नर परिसरात भ्रमणास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते व कपारींवरून शिळा निसटतात. एप्रिल–मेमध्ये टाक्यांतील पाणी आटते किंवा पिण्यायोग्य राहत नाही. वाड्या-वस्त्यांवरील माहितगार वाटाड्या बरोबर घेणे कोणत्याही साधनापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. कारण कोणत्या कपारीत जनावर वसते व कोणत्या ओढ्याला अकस्मात पाणी येते, हे त्यालाच ठाऊक असते.

धोके : गुहांतील सर्वांत मोठा धोका पाण्याचा होय. गुहेत असलेल्यास बाहेर आभाळ भरून आल्याचे कळत नाही व दूरवर पडलेल्या पावसाचे पाणी अल्पावधीत येऊन वाट अडवू शकते. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी गेलेले बारा मुलगे व त्यांचे फुटबॉल-प्रशिक्षक अशाच पुरामुळे अडकले. ते २ जुलै रोजी सापडले व १० जुलैपर्यंत सर्व तेरा जणांना पाणबुड्यांनी बाहेर काढले. मदतकार्यात समन कुनान हा थाई नौदलाचा माजी पाणबुड्या मरण पावला. पाण्याचा उपसा करण्यासाठी जगभरातून आलेल्या तज्ज्ञांत महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्स ह्या पंपनिर्मिती उद्योगाचे अभियंतेही होते. आधुनिक साधने व अनेक देशांचे साहाय्य असूनही सुटकेस अठरा दिवस लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सांधणसारख्या घळीत छत नसले, तरी दोन्ही बाजूंनी कातळ असल्याने पाणी चढल्यास बाहेर पडण्यास वाव नसतो. म्हणून वळिवाच्या व पावसाळ्याच्या दिवसांत तेथे उतरणे टाळावे लागते.

दुसरा धोका आग्या मोहोळांचा होय. सह्याद्रीतील कड्यांच्या व गुहांच्या छतांना ही मोहोळे लटकलेली असतात. धूर, उग्र सुगंध, मोठा आवाज वा दगड यांमुळे माश्या बिथरल्यास त्या लांबवर पाठलाग करतात. कड्यावर असलेल्या माणसास पळताही येत नाही. गुहेत शेकोटी पेटविणे ह्या कारणानेही वर्ज्य मानले जाते. बिबट्या, तरस व साळिंदर हे प्राणी गुहांचा आश्रय घेतात. ताजी विष्ठा, हाडे, गळालेले काटे किंवा उग्र वास आढळल्यास आत न शिरता परत फिरणे इष्ट असते.

हवेचा दोष सहसा नजरेस येत नाही. बंदिस्त व खोलगट भागात कार्बन डाय-ऑक्साइड साचून राहतो. मेणबत्ती विझली नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे, ही समजूत पूर्णतः बरोबर नाही. ज्योत मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यावर विझते, तर कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण केवळ ३ ते ५ टक्के झाले तरी माणसाला धाप लागते व डोके दुखू लागते. अशी लक्षणे जाणवताच बाहेर पडावे. वटवाघळांच्या विष्ठेच्या कोरड्या धुळीत वाढणाऱ्या कवकामुळे हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी धूळ उडवू नये व नाकातोंडावर योग्य आच्छादन ठेवावे.

छतातून शिळा निखळण्याची शक्यता बेसाल्टमधील गुहांत नेहमीच असते. जमिनीवर पडलेल्या शिळेची कड ताजी, काळीभोर व तीक्ष्ण असल्यास ती अलीकडेच पडली आहे असे समजावे. कड झिजलेली व शेवाळलेली असल्यास छत बराच काळ स्थिर असल्याचे अनुमान निघते. अशा गुहेत मुक्काम करण्यापूर्वी छतातील सांधे, त्यांमधील ओल व तांबड्या पट्ट्याचा भुगा ह्यांची पाहणी करणे अगत्याचे आहे. येथे गुहा घडविणारे जे पाणी, तेच तिचे छत सैल करणारेही असते.

जीवसृष्टी : सूर्यप्रकाशाअभावी गुहेच्या अंतर्भागात हिरव्या वनस्पती वाढत नाहीत. बाहेरून वाहत आलेला पालापाचोळा व वटवाघळांची विष्ठा हाच तेथील अन्नसाखळीचा पाया असतो. त्यावर कवके, कीटक, कोळी व त्यांचे भक्षक जगतात. वटवाघळे रात्री प्रचंड प्रमाणात कीटक खातात व शेतीस अप्रत्यक्षपणे साहाय्य करतात. विश्रांतीच्या काळात प्रकाश, धूर वा गोंगाट यांचा त्रास झाल्यास ती गुहा कायमची सोडून देतात. पिले असलेल्या काळात अशा गोंधळामुळे पिले खाली पडून मरतात.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळील बारापेडे गुहा ह्या संदर्भात महत्त्वाची आहे. रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ ही जाती तेथे मिळालेल्या नमुन्यांवरून १९१३ मध्ये वर्णिली गेली. अनेक दशके ह्या एकाच गुहेतून ती ज्ञात होती. पुढे मेघालयात व कंबोडियातही ती आढळली. ही गुहा भीमगड वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात आहे. एखाद्या जातीचे अस्तित्व एका गुहेतील शांततेशी किती निगडित असू शकते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय. उत्तर अमेरिकेत २००६ पासून आढळलेल्या ‘श्वेतनासिका’ ह्या कवकजन्य रोगाने लक्षावधी वटवाघळे मेली. ह्या कवकाचे बीजाणू माणसांच्या कपड्यांवरून व साधनांवरूनही पसरू शकतात. त्यामुळे एका गुहेतून दुसरीत जाण्यापूर्वी कपडे व साधने स्वच्छ करण्याची शिस्त तेथे पाळली जाते.

व्यवस्थापन व संरक्षण : लोकप्रियता हा गुहांचा मोठा शत्रू ठरला आहे. दिव्यांच्या उष्णतेने व प्रकाशाने भिंतींवर शैवाल वाढते, श्वासोच्छ्वासाने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो व गर्दीने प्राणी परागंदा होतात. व्हिएतनाममधील सोन दुंग ही प्रचंड गुहा स्थानिक रहिवासी हो खान्ह यास १९९०च्या सुमारास आढळली व २००९ मध्ये ब्रिटिश दलाने तिचे मापन केले. २०१३ पासून ती पर्यटकांना खुली झाली. परंतु वर्षाकाठी सु. एक हजार जणांनाच, मार्गदर्शकांसह व ठरीव मार्गानेच प्रवेश दिला जातो. मर्यादित संख्येमुळे गुहेचे रक्षण होऊन परिसरातील रहिवाशांना हमाल, वाटाडे व स्वयंपाकी म्हणून रोजगारही मिळाला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी व हवा ह्या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक व सुरक्षिततेची साधने ह्यांवर त्यात भर आहे. तथापि कळसूबाई रांगेतील बहुसंख्य गुहांपर्यंत लोक आयोजकाविना, लहान गटांनी पोहोचतात. त्यामुळे त्यांचे रक्षण शेवटी येणाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून राहते. टाक्यांत पोहणे, कपडे वा भांडी धुणे, गुहेत चूल मांडून छत काजळणे, भिंतींवर नावे कोरणे व स्फटिक फोडून नेणे हे येथील नेहमीचे अपराध होत. ह्यांतील पाण्याचा अपव्यय सर्वांत गंभीर आहे. पर्जन्यछायेतील डोंगरवाड्यांच्या गुराख्यांना व गुरांना उन्हाळ्यात ह्याच टाक्यांचा व झऱ्यांचा आधार असतो. ते दूषित झाल्यास पर्यटक निघून जातो, वाडीस मात्र पाणी उरत नाही.

इगतपुरी व कसारा यांदरम्यान समृद्धी महामार्गावर खोदलेला सु. ८ किमी. लांबीचा जुळा बोगदा २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. माणसाने काही वर्षांत सह्याद्रीतून काढलेली ही वाट परिसरातील कोणत्याही नैसर्गिक गुहेपेक्षा कितीतरी लांब आहे. ह्या प्रदेशातील गुहांचे महत्त्व लांबीत वा खोलीत नाही. लाव्ह्याचे थर, त्यांत अडणारे पाणी, त्या पाण्यावर जगणारे जीव व त्याच्या आधाराने राहिलेली माणसे यांचा परस्परसंबंध त्यांत एकत्र पाहावयास मिळतो, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. गुहेत पाऊल ठेवण्यापूर्वी ती कोणत्या थरावर आहे व तिच्यातील पाणी कोठून येते व कोठे जाते, हे पाहण्याची सवय लागली, तर भ्रमण सुरक्षित होते व गुहाही पुढील पिढीसाठी शाबूत राहते.